गुडघ्याची फिल्म आणि बारीक अक्षर

फरीदाबाद, ३ नोव्हेंबर २०२५

ती. हेमलताआत्यास,
शि. सा. न. वि. वि.

तुझ्या शेजारच्या विश्वनाथकाकांच्या गुडघ्याची एमआरआय फिल्म मिळाली. ‘नीट बघून सांग’ या तुझ्या सूचनेसकट. बघितली. गुडघाच आहे. महिला मंडळात मला ‘एमआरआयवाली’ म्हणून जाहीर केल्याबद्दल आभार.

आमच्या प्रयोगशाळेतल्या चुंबकात माणूस जात नाही, चिमूटभर प्रथिन जातं. पार्किन्सनमध्ये मेंदूत ज्याच्या गुठळ्या होतात, ते. त्याचा सिग्नल इतका क्षीण की आठवडेच्या आठवडे ऐकत बसावं लागतं. म्हणून नमुना गोठवून त्यावर सूक्ष्मलहरी सोडतो. इलेक्ट्रॉनचं चुंबकत्व अणुकेंद्रांना मिळतं आणि सिग्नल पन्नासपट वाढतो.

पहाडगंजच्या शाळेत जन्मभर मुलांचं अक्षर घडवलंस, मी मराठी विसरू नये म्हणून दरमहा पत्र लिहायला लावतेस, आणि हल्ली तुझीच ओळ शेवटाकडे मुंगीएवढी होते. पार्किन्सनमध्ये अक्षर असंच आकसतं, म्हणून मला भीती वाटते. डॉक्टरकडे चल.

तुझी,
स्वरूपा

पहाडगंज, ११ नोव्हेंबर

चि. स्वरूपास,
अ. उ. आ.

कागद महाग झालाय, म्हणून बारीक लिहिते. हात थंडीने कापतो. दिल्लीत सगळ्यांचाच कापतो. आणि घरात पीएचडी असताना डॉक्टर कशाला? पन्नासपट वाढवतेस, तर थोडं माझ्या हाताचंही बघ.

थट्टा पुरे. तुझ्या यंत्रातून औषध कधी निघेल? खोटं लिहू नकोस.

आत्या

फरीदाबाद, १७ नोव्हेंबर

ती. आत्यास,
सा. न.

यंत्रातून औषध निघत नाही, गुठळीचा आकार दिसतो. तो बघून इतर लोक औषध शोधतील. बहुधा तुझ्या हयातीत नाही. हे लिहिताना रडले.

पण हातासाठी आज मिळणारी गोळी आहे. ती डॉक्टर देतात, पीएचडीवाले नाहीत. शनिवारी तुला न्यायला येते. यंत्रावरची माझी पाळी मानसला दिली. तो घाईने हो म्हणाला. एवढी माणुसकी त्याने आधी कधी दाखवली नव्हती.

लोभ नंतर वाढव, आधी तयार राहा.

स्वरूपा

पहाडगंज, ५ डिसेंबर

चि. स्वरूपास,
आशीर्वाद.

डॉक्टर फार गोड बोलले, आजाराचं नाव तर जणू माझी माफी मागत सांगितलं. तू आधीच स्पष्ट लिहिलं होतंस, म्हणून मला धक्का बसला नाही. आता अक्षर मोठं काढायचं, दोन ओळींच्या उंचीचा एकेक शब्द, पहिलीतल्या मुलासारखं. माझ्या विद्यार्थ्यांना कळवू नकोस.

पाळी पुन्हा कुणाला देऊ नकोस. माझ्या हयातीत नसेल, तुझ्या हयातीत तर बघ.

मंगळवारी सुरू केलेलं पत्र आज शुक्रवारी संपतंय. सगळं मीच लिहिलंय. तुझे हात धड आहेत, तेव्हा उत्तराला इतके दिवस लावू नकोस.

आत्या