टेबलावरची चिलखती गाडी

३ नोव्हेंबर २०२५
जेवणाच्या टेबलावर आता जेवण होत नाही. तिथं लढाई चालू आहे. एसटीच्या वर्कशॉपात पस्तीस वर्षं बसगाड्या दुरुस्त करूनही आमच्या पृथ्वीराजांचं मन भरलं नाही — निवृत्तीनंतर प्लॅस्टिकची गाडी जोडायला घेतलीय. दुसऱ्या महायुद्धातली, इंग्रजांची. "चिलखती आहे. साहेब लोक आत बसून हुकूम सोडायचे." म्हणजे तोफ नाहीच, आत टेबलखुर्च्या. चाकं लावलेली कचेरी!

६ नोव्हेंबर
भाकरीलाही रंगाचा वास.

९ नोव्हेंबर
आता सासूबाईही सामील. वय चौऱ्याऐंशी. भिंग घेऊन टेबलाशी बसतात. त्यांचे वडील मंगळवेढ्याहून पलटणीत गेले, आफ्रिकेच्या वाळवंटात अशीच गाडी चालवायचे म्हणे. तिकडंच मारले गेले. सासूबाई तेव्हा पोटात होत्या. घरात फोटो एकही नाही.
"दार कुटं हाय? बा कुटं बसायचा?"
मुलगा साठीचा, आई चौऱ्याऐंशीची, दोघांत खेळणं एक. भाकऱ्या थापायला मी आहेच.

१४ नोव्हेंबर
ड्रायव्हर रंगवून झाला. बोटाच्या पेराएवढा. सावळा रंग, वर मिशा. "उद्या आईच्या हातानं बसवू." समारंभच. पेढे आणायला मलाच पिटाळतील.

१५ नोव्हेंबर
सकाळी रागानं टेबल झाडलं. कागद, कपटे, सगळं केरात. घंटागाडी येऊन गेल्यावर कळलं — ड्रायव्हर त्यातल्याच एका कागदावर वाळत ठेवला होता. हे दिवसभर फरशीवर रांगत शोधत होते.
"तू पाहिलास का गं?"
नाही म्हटलं. सहज आलं तोंडातून. सासूबाई माझ्याकडं बघत होत्या.

१६ नोव्हेंबर
एवढ्याशा प्लॅस्टिकपायी घरात सुतक. हे जेवले नाहीत. मी मुद्दाम दोन भाकऱ्या खाल्ल्या.

१८ नोव्हेंबर
हे बाजारात गेल्यावर सासूबाईंनी जवळ बोलावलं. "वैजू, क्येरात गेला न्हवं त्यो?"
मी मानेनंच हो म्हटलं.
"बरं झालं. बाचं तोंड मी कदी बघितलंच न्हाय. त्यो बाहुला बसवला असता, तर त्येच तोंड बा म्हणून डोळ्यापुढं ऱ्हायलं असतं. पोरगं लई जीव लावून रंगवत हुतं. सांगायला जीभ उचलंना."
हे आले की सांगणार आहे — मी टाकला, आणि खोटं बोलले. बाकीचं सासूबाईंचं आहे. ते सांगणार नाही.