दिनेशच्या खिशातला कागद

१७ जाने. ९४
लेकाने, दिनेशने, कंपनीची डायरी दिली, त्याच्याकडे नुसती पडून होती. मी चौथी शिकलेली, पण आज लिहिणारच. मला नात झाली! माझ्या मंदाची मुलगी. आज कल्याणला बारसं झालं. नाक आमच्याकडचं, रंग जावयाचा, आवाज मासळीबाजारातला, म्हणजे माझा. नाव ठेवलं मयूरी. मूठ अशी आवळते की बोट सुटत नाही. बघतच राहावं.
एक बरं नाही झालं. पाळण्यात घालायला दिनेशची बायको सुलभा पुढे झाली, तर माझी नणंद आक्का म्हणाली, "तू नको गो, तू आत घुगऱ्या बघ." लग्नाला सहा वर्षं झाली, मूल नाही, म्हणून. सुलभा आत गेली ती बाहेर आलीच नाही. मी गप्प बसले. जिलबी छान होती.

२ फेब्रु.
आक्का कोपरला आली, आमच्या घरी. दिनेशला दुसरी करा म्हणते, पनवेलकडची मुलगी बघून ठेवली आहे. सु.ला माहेरी धाडायची. (सु. म्हणजे सुलभा, सगळं नाव लिहायला बोटं दुखतात.) दिनेश खाली मान घालून तंबाखू मळत होता. हो म्हणेना, नाही म्हणेना. सु. तिथेच चहा देत होती, कप हलला नाही तिचा. मी म्हटलं, पावसाळ्याआधी बघू. बघू म्हटलं मी.

१३ फेब्रु.
दिनेशचा डगला मी वेगळा धुते. रंगाची कंपनी, तो तिथे भट्टीवर, पाणी पिवळंजर्द निघतं, एकदा माझी पांढरी साडी गेली त्यात, नवी होती, मंदाच्या लग्नातली. जाऊ दे. आज खिशात प्लास्टिकमध्ये घडी घातलेला कागद निघाला. सगळं इंग्रजी. नाव तेवढं ओळखलं, त्याच्या गेटपासवर असतं तसं. सु.ला विचारलं, हे काय? तिचं लाटणं थांबलं. "ठेवा आई तिथंच." ठेवला नाही.

१६ फेब्रु.
बुधवार. डॉक्टरीणबाई पापलेटला आल्या, आठ वर्षांचं गिऱ्हाईक. कागद दाखवला. वाचून मला बर्फाच्या पेटीमागे घेऊन गेल्या. दिनेशची तपासणी आहे. शुक्रजंतू कमी, आणि आहेत ते दुबळे. तारीख गणपतीतली. गणपतीतली!! म्हणजे आक्का बोलत होती तेव्हा त्याच्या खिशात हे होतं.
म्हटलं, कशानं होतं असं? म्हणाल्या, ज्या हवेवर आपण जगतो तिनंच शरीर आतून थोडं थोडं जळत असतं. ते आवरायला शरीर स्वतःच एन्झाईम नावाची द्रव्यं करतं. पुरुषाचं बीज नाजूक, त्याला ती लागतात. तंबाखू, भट्टीची धग, कंपनीतली वाफ, यांनी जाळ वाढतो, एन्झाईम पुरे पडत नाहीत.
म्हटलं, होडीला तेल चोळतो तसं. तेल कमी पडलं की खारं पाणी लाकूड खातं.
"तसंच समजा. पण ते एन्झाईम मोजायची सोय इथे नाही. त्यामुळेच झालं असं मी छातीठोक सांगणार नाही."
तंबाखू बंद, जीवनसत्त्वाच्या गोळ्या, आवळा, जमलं तर भट्टीवरून दुसरीकडे. नवं बीज व्हायला तीन महिने लागतात, मग पुन्हा तपासायचं. गुण येईलच असं नाही.
"आणि सुनेच्या तपासण्या?" चार झाल्या. चारही चांगल्या. मीच नेलं होतं ना तिला, हाताला धरून. आणि तरी पुढे भगताकडेही मीच नेलं. दिनेशला कुठे न्यावं हे माझ्या डोक्यातच आलं नाही. मासा पोटातून फाडून नर मादी ओळखते मी, आणि घरात एवढं दिसू नये?

१७ फेब्रु.
कागद ताटाशेजारी ठेवला.
"आये, हा कोणाला दाखवलास?"
"पापलेटवाल्या डॉक्टरीणबाईंना."
"बाजारात?!"
"मग काय देवळात?"
"मी सांगणारच होतो."
"कधी? तिला माहेरी पोचवून आल्यावर?"
म्हणतो, कंपनीत पोरं हसतील. अरे हसू देत! तिला सहा वर्षं सगळं गाव हसतंय, तिचं काय?
त्याहून वर, सु.ला ठाऊक होतं. दिनेशने तिच्याकडून वचन घेतलेलं, आयेला कळू द्यायचं नाही. तिने पाळलं. दर अमावस्येला मी अंगारा चाटवायचे, तो चाटत राहिली. जन्मात मी कोणावर एवढी चिडले नाही. त्याच्यावर, आणि तिच्यावरसुद्धा, ओरडली का नाहीस गो? मग म्हणाली, "ओरडले असते तर तुम्ही ऐकलं असतं?"

२१ फेब्रु.
दिनेशला म्हटलं तंबाखू सोड. म्हणतो, "तुझ्या मशेरीचं काय? तो तंबाखूच ना, भाजलेला." मेला बरोबर बोलला. डबा त्याच्यादेखत संडासात ओतला. चाळीस वर्षांची सवय. आणि सांगून ठेवलं, आक्काला खरं तू स्वतः सांगायचं. मी नाही, सु. नाही. तू.

२६ फेब्रु.
मशेरी नाही. डोकं ठणकतं. सकाळी गिऱ्हाइकावर खेकसले, मग मांजरावर. मांजराने ऐकून तरी घेतलं.

२० मार्च
मयूरी हसली! मला बघून. मंदा म्हणते वारा सरला असेल. मंदाला काय कळतं.

१० एप्रिल
दिनेशने भट्टीवरून बदली मागितली. साहेब म्हणाला, सगळेच मागतील. त्या वाफेत उभं करायचं आणि दिवाळीला डायरी द्यायची! तुमच्याच डायरीत तुम्हाला शिव्या लिहिते, मुडदा बशिवला तुमचा. अजून पुष्कळ पानं आहेत.
गोळ्या घेतो. आवळा तोंड वाकडं करून खातो. तंबाखू दोनदा खाल्लेला पकडला, दोनदा जेवण दिलं नाही. आक्काला अजून सांगितलेलं नाही.

१५ मे
पॅकिंगला बदली झाली. भांडून घेतली म्हणे. डगला कमी पिवळा.

५ जून
मयूरीचं उष्टावण, मुलीचं पाचव्या महिन्यात करतात. पहिला घास मामाचा. दिनेश पाटावर बसला, मांडीवर मयूरी. खिरीची वाटी घेऊन सु. त्याच्या शेजारी बसायला आली, आणि आक्का सगळ्यांदेखत, "सुलभा, तू लांबच बरी गो. पोरीचा पहिला घास आहे."
मी तोंड उघडलं. मग मिटलं. त्याने बोलायचं ठरलेलं. मिटून धरायला काय कष्ट पडले ते माझं मला माहीत.
दिनेशचा चमचा हवेत. पोर आ वासून बसलेली. मग तो खाली बघूनच म्हणाला, "आत्या, तिच्यात काही नाही. तपासणी माझी वाईट आली. पनवेलला तसं कळवून टाक." आणि सु.चा हात धरून बसवली.
कोणी बोलेना. मयूरीने घास फूऽऽ करून दिनेशच्या शर्टावर उडवला. माझी नात ती! आक्का न जेवता गेली. मी दोन वाट्या खीर खाल्ली.
रस्त्यात सु. म्हणाली, "हेच बारशाला कोणी बोललं असतं तर." कोणी म्हणजे कोण ते कळलं मला.

९ जून
दुसऱ्या तपासणीचा कागद आज आला. दिनेशने या वेळी खिशात घातला नाही, बंद पाकीट आणून सु.च्या हातात दिलं. "तू फोड." डॉक्टरीणबाईंनी कुठला आकडा नीट समजायचा नि कुठला कमी, ते तिला आधीच मराठीत लिहून दिलंय.
मी म्हटलं, फोड गो लवकर, माझा जीव वर खाली होतोय. म्हटलं, काहीही निघालं तरी आता भगत नाही, आक्का नाही, माझी शपथ.
तिने पाकीट मांडीवर ठेवलं आणि शेंगा सोलायला घेतल्या.
"सहा वर्षं मी थांबले, आई. आता तुम्ही दोघं थांबा जरा."
थांबलोय. तो दाराशी उभा, मी इथे लिहीत. शेंगा अजून अर्धं सूप आहेत.