मलाकी डेव्हनीच्या पणतीची निरवानिरव

मी, मिस उर्सुला मेरी डेव्हनी, वय वर्षे एक्याऐंशी, टेलिफोन एक्स्चेंजमधून निवृत्त, राहणार सहा, टॅनर्स रो, हॅसलब्रुक, लँकेशर, माझ्या पश्चात काय कोणाकडे जावं ते या कागदावर स्वहस्ते लिहून ठेवते. माझी बुद्धी शाबूत आहे. डॉक्टरांना विचारलं तर ते म्हणाले, "गरजेपेक्षा जास्तच शाबूत आहे." माझ्यावर कोणाचंही दडपण नाही. शेजारीण जॉइस पिलिंग दोनदा म्हणाली, "आटप गं लवकर, मासेवाला दुकान बंद करेल," पण ते दडपणात धरू नये. याआधीची माझी सर्व मृत्युपत्रं रद्द समजावीत. विशेषतः १९८६ सालचं, जे मी मिसेस एन्टविसलवर चिडून केलं होतं.

कलम १. हे मृत्युपत्र का करावं लागलं त्याविषयी. मी अविवाहित आहे. आईवडील गेले, भाऊ विल्फ्रेड युद्धात गेला, काका-मामांपैकी कोणी उरलेलं नाही. अशा माणसाने काही लिहून न ठेवता डोळे मिटले तर त्याचं घरदार राजघराण्याच्या खजिन्यात जमा होतं असा इथला कायदा आहे. माझ्या वडिलांनी राजाच्या भाषणाच्या वेळी रेडिओ बंद करून भांडी घासली, तीही जन्मभर. त्यांनी घेतलेलं घर राजवाड्याच्या पडद्यांवर खर्ची पडलं तर ते कबरीतून उठून माझ्या मागे लागतील. तेव्हा वारस हवाच होता, आणि तोही रक्ताचा हवा होता. लोक हसले तरी हसोत. मी रिकाम्या घरात राहिले आहे आणि आपलं माणूस नसणं म्हणजे काय ते मला ठाऊक आहे.

कलम २. जॉइस पिलिंग हिला या मृत्युपत्राद्वारे काहीही मिळणार नाही. ती साक्षीदार आहे, आणि ज्याला काही द्यायचं त्याला साक्षीदार करता येत नाही. केलं तर त्याचं देणं बुडतं. म्हणून माझं सोन्याचं घड्याळ मी तिला गेल्या आठवड्यातच देऊन टाकलं. ते रोज मागे पडतं, हे तिला अजून कळलेलं नाही.

कलम ३. मिसेस एन्टविसल, आमच्या वंशशोधक मंडळाच्या अध्यक्ष, यांना माझी उशी द्यावी. जिल्हा दफ्तरखान्यातल्या लाकडी खुर्च्यांवर तासन्‌तास बसायला मी ती स्वतः शिवली होती. बाईंनी ती "चुकून" तीन वर्षं वापरली आणि माझ्या तोंडावर मला मूळव्याधीवर व्याख्यान दिलं. आता ती कायदेशीररीत्या त्यांची झाली. उसवून धुवावी.

कलम ४. अमेरिकेत ओहायोला बसून डेव्हनींचं मूळ शोधणाऱ्या मिसेस लॉरीन क्रुपा यांनी मला लिहिलेल्या सर्व पत्रांना मिळून एकच उत्तर पाठवावं: नाही. मलाकी डेव्हनी हा कोणत्याही आयरिश राजाचा वंशज नव्हता. तो लाकडी तळव्याचे जोडे करत असे. डेव्हनींच्या राजचिन्हाचा जो टॉवेल त्यांनी पाठवला, त्याने मी खिडक्या पुसते आणि तो त्या कामाला चांगला आहे.

कलम ५. आयर्लंडात, मेयो परगण्यातल्या किलब्रॅक गावच्या रुएन कुटुंबाला माझ्या बचतीतून एक गाढव घेऊन द्यावं. याचा खुलासा करणं भाग आहे.

मलाकी हे माझे पणजोबा. त्यांच्या बाप्तिस्म्याची नोंद शोधायला मी किलब्रॅकला गेले होते. तिथे थोरल्या मुलाला आजोबांचं नाव ठेवायची रीत आहे, त्यामुळे बाप्तिस्म्याच्या वहीत दर पानावर एक मलाकी रडताना सापडतो. फादर टियर्नी म्हणाले, "बाई, यातला कुठलाही एक उचला. सगळे चांगल्या घरचे आहेत." मी म्हटलं, "मला माझाच हवाय." ते म्हणाले, "मग पबमध्ये विचारा. वहीपेक्षा तिथं जास्त लिहिलेलं असतं."

पबमध्ये म्हातारा पॅडी रुएन शेगडीजवळ बसला होता. मी मलाकीचं नाव काढताच त्याने ग्लास खाली ठेवला.

"इंग्लंडला पळाला तोच ना? जोडे करणारा?"

"हो, हो, तोच!" मला तर आनंदाने रडू यायचं बाकी होतं.

"आमची गाढवी घेऊन गेला. बंदरापर्यंत नेतो म्हणाला. कधी आणताय परत?"

गोष्ट दीडशे वर्षांपूर्वीची. पण सगळा पब माझ्याकडे असा बघत होता, जणू गाढवी मी बाहेर बांधून आले आहे. मी शब्द दिला, आणि डेव्हनीच्या शब्दाची त्या गावात काय किंमत आहे ते त्यांच्या हसण्यावरून कळलं. तो शब्द खरा व्हावा. गाढव मादी असावं, आणि तिचं नाव उर्सुला ठेवायचं असल्यास माझी हरकत नाही.

कलम ६. आता घर, उरलेली बचत, भिंग, थर्मास आणि बुटांच्या खोक्यांतली माझी वंशावळीच्या नोंदींची सगळी कार्डं. हे सर्व मी माझा भाऊ सिरिल हॉरॉक्स, राहणार प्रायरी टेरेस, हॅसलब्रुक, याला देते.

वाचणाऱ्याला इथे ठसका लागेल. आमच्या मंडळात सिरिल हॉरॉक्स आणि मी यांचं विळ्याभोपळ्याचं सख्य सर्वांना माहीत आहे. दफ्तरखान्यात जुन्या नोंदी पाहायचं मायक्रोफिल्मचं एकच यंत्र धड चालतं, आणि मी पोचायच्या आधी हा माणूस त्याच्यापुढे अंड्याचं सँडविच उघडून बसलेला असतो. एका कानाने कमी ऐकतो, म्हणून सर्वांशी ओरडून बोलतो. "मिस डेव्हनी! आजही पणजोबा फरारच का?" असं त्याने भर वाचनकक्षात विचारलं की मला मायक्रोफिल्मची फीत त्याच्या गळ्याभोवती गुंडाळावीशी वाटे. त्याचं तुणतुणं एकच: हॉरॉक्स म्हणजे अस्सल लँकेशरची माती, त्यात आयरिश पाण्याचा थेंब नाही.

त्याचाही पणजोबा सापडत नव्हता. घरात पणजी हॅना हॉरॉक्स, तिची मुलं, आणि बाप मात्र एका जनगणनेत आहे, पुढच्या जनगणनेत नाही.

माझं दुःख हेच होतं. जनगणना दर दहा वर्षांनी. १८५१ मध्ये मलाकी माझी पणजी ब्रिजेट हिच्याबरोबर आयरिश गल्लीत हजर. १८६१ मध्ये ब्रिजेट विधवा. ते वाचून मी सुतकाचे काळे कपडे घालायचेच काय ते बाकी ठेवले होते. पण १८७१ मध्ये पाहते तर मलाकी परत घरी, वीस वर्षांत वय फक्त सहा वर्षांनी वाढलेलं! १८८१ मध्ये ब्रिजेट पुन्हा विधवा. कित्येक वर्षं मी दफनाच्या वह्यांत या माणसाचं पहिलं मरण शोधत बसले. फार उशिरा डोक्यात प्रकाश पडला की जनगणनेत बाई स्वतःला विधवा लिहवते तेव्हा नवरा मेलेलाच असतो असं नाही. कधीकधी तो फक्त तिच्या मनातून उतरलेला असतो.

दोन वर्षांपूर्वी सिरिलला पडसं झालं आणि यंत्र मला मिळालं. मी सहज त्याच्या हॅनाचं घर उघडलं. १८६१: हॅना, आणि तिच्या शेजारी मलाकी हॉरॉक्स, जोडे करणारा, जन्म किलब्रॅक. बायबलातलं नाव आणि वाकड्या अक्षरातलं गाव, दोन्ही सिरिलने लँकेशरचंच धरलं असणार. १८७१: हॅना विधवा. १८८१: मलाकी पुन्हा हॅनाकडे, वय आणखी कमी. हॅसलब्रुकमध्ये मलाकी नावाचा दुसरा माणूस नव्हता; त्या घरात तो हॅनाचं आडनाव लावत होता. माझे पणजोबा दोन गल्ल्यांमध्ये आळीपाळीने मरत होते आणि जिथे मेले नसतील तिथे जेवत होते. मी इतक्या जोराने हसले की दफ्तरखान्याच्या बाईंनी मला बाहेर जायला सांगितलं.

मग मी १८९१ ची फीत लावली, आणि हसू थांबलं. आयरिश गल्ली. घरातली कर्ती: ब्रिजेट डेव्हनी, विधवा. या खेपेला खरोखरच विधवा. तिच्या खाली दुसरं नाव: हॅना हॉरॉक्स, विधवा. कर्तीशी नातं: बहीण. एक मेयोची, एक इथली. त्यांना एका माणसाने फसवलं आणि मग त्या एका चुलीवर स्वयंपाक करू लागल्या. दारात उभ्या राहिलेल्या सरकारी माणसाला ब्रिजेटने ते एका शब्दात सांगून टाकलं. मला त्या बाईचा फार अभिमान वाटला. सिरिलने हे पान कधीच पाहिलं नव्हतं, कारण आपली हॅना आयरिश गल्लीत असेल हे त्याच्या स्वप्नातही आलं नाही.

मी त्याला अजून सांगितलेलं नाही. आधी मजा येत होती. नंतर भीती वाटू लागली की तो म्हणेल, मला असलं नातं नको. तो एकटा आहे, मीही एकटी आहे, पण त्याला नको असेल तर काय करायचं, हे मला माहीत नाही. मी गेल्यावर तो माझा प्रत्येक दाखला तपासून पाहील. न तपासल्यास मला वाईट वाटेल.

कलम ७. १९०१ ची जनगणना शंभर वर्षं झाकून ठेवली आहे. २००२ च्या जानेवारीत उघडेल. तोवर मी नसले तर सिरिलने पहिल्याच दिवशी जावं, दोघी तेव्हाही एकाच घरात होत्या का ते पाहावं, आणि माझ्या थडग्यापाशी येऊन मला सांगावं. ओरडून सांगितलं तरी चालेल.

कलम ८. हे कलम मी आत्ता स्वयंपाकघरात, सगळे समोर असताना, सहीच्या आधी लिहिते आहे. दुसरा साक्षीदार म्हणून मी बॉयलर दुरुस्त करायला आलेल्या डेरेक स्नेपला थांबवून ठेवलं होतं. इतक्यात सिरिल हॉरॉक्स मंडळाचं वार्तापत्र द्यायला आला. टेबलावर कागद पाहिला, आणि मी काही बोलायच्या आत फाउंटन पेन काढून उभा!

"मृत्युपत्र? मग साक्षीला मी. या प्लंबरचं अक्षर कोण वाचणार शंभर वर्षांनी?"

"ओ आजोबा, जरा जपून," डेरेक म्हणाला.

मी म्हटलं, "मिस्टर हॉरॉक्स, तुम्हाला सही करता येणार नाही."

"का? मी काय शुद्धीत नाही?"

"आहात. पण तुम्हाला साक्षीदार होता येणार नाही."

या माणसाने जन्मभर मेलेल्यांची मृत्युपत्रं वाचली आहेत. एखाद्याला साक्षीला का घेत नाहीत, हे त्याला कोणी सांगावं लागत नाही. त्याने पेनाला टोपण लावलं आणि खुर्ची ओढून बसला. आयुष्यात पहिल्यांदा हळू आवाजात म्हणाला, "नातं काय लिहिलंय?"

"भाऊ."

"कोणाकडून?"

"मलाकीकडून. १८९१, आयरिश गल्ली. तुम्ही जिथं कधी फिरकला नाहीत तिथं."

त्याने टेबलावरचा कागद स्वतःकडे ओढला.

"म्हणजे मी आयरिश," तो म्हणाला.

"आठवा हिस्सा फक्त. अंघोळीत दिसणार नाही."

"मी जाऊन बघणार हं ते पान. तुमच्या शब्दावर विश्वास नाही माझा."

"बघाच."

"आणि ते २००२ चं काय लिहिलंय इथं? मी एकट्यानं जायचं?" आता आवाज पुन्हा चढला. "ते जमणार नाही! मला चष्म्यानंही नीट दिसत नाही. तू यायचं बरोबर. तोवर मरायचं नाही, सांगून ठेवतो!"

त्याने मला "तू" म्हटलं. मग उठून, न विचारता, माझ्या चांगल्या किटलीत चहा टाकला. डेरेकने पाणी सुरू करून दिलं.

वरील सर्व मी वाचून पाहिलं, ते माझंच आहे आणि मला मान्य आहे. कलम ७ मधलं "मी नसले तर" भावाच्या आग्रहाखातर खोडायचं होतं, पण खाडाखोड केलेलं मृत्युपत्र पुढे वादात सापडतं, म्हणून तसंच ठेवते.

ठिकाण: हॅसलब्रुक
दिनांक: १४ सप्टेंबर १९९९

(सही) उर्सुला मेरी डेव्हनी

आम्हा दोघांच्या देखत मृत्युपत्रकर्तीने सही केली आणि तिच्या देखत आम्ही:

१. (सही) जॉइस पिलिंग, आठ, टॅनर्स रो. मासेवाल्याचं दुकान बंद झालं.
२. (सही) डेरेक स्नेप, प्लंबर. अक्षर वाचता येतं.

हजर, पण साक्षीदार नाही: सिरिल हॉरॉक्स. मृत्युपत्रकर्तीशी नातं: भाऊ.