ओळ ३४० आणि ३५० यांच्या मधली जागा

मी, निर्मला भाईदास महाजन, वय अडुसष्ट, अविवाहित, निवृत्त प्रोग्रामर, राहणार लालबाग, बऱ्हाणपूर, हे माझे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहून ठेवते. माझी शुद्ध जागेवर आहे. शंका असेल त्याने मला सव्वीस वर्षांपूर्वीच्या प्रोग्रामची कोणतीही ओळ विचारावी, न बघता सांगेन. माझ्यावर कोणाचा दाब नाही. तसा तो आयुष्यात फारसा कोणाचा चाललाच नाही. इथली कचेरी हिंदीतली, म्हणून सुधाकर वकिलांनी कागद हिंदीत करू असे सुचवले होते. मी म्हटले, ज्यांना वाटून द्यायचे ते सगळे मराठीत भांडतात, तेव्हा कागदही मराठीतच राहू द्या.

कलम १. लालबागची दोन खोल्यांची जागा माझा भाचा गजानन लीलाधर महाजन याला द्यावी. हा माझा भाऊ लीलाधर याचा मुलगा. मी त्याची आत्या. तो पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये आहे. माझी पुस्तके, पेचकसांचा संच आणि तारा जोडायची डागणीही त्यालाच.

त्याने एकदा गावच्या पाण्याची बारी, म्हणजे पाळी, लावणारा माझा प्रोग्राम पाहिला आणि हसला. म्हणाला, "आत्या, सगळं एकाच फाइलीत?" हो बाबा, एकाच. तुझ्या मोबाइलमधल्या एका फोटोत माझे अख्खे यंत्र बुडेल, पण हा प्रोग्राम मला डोक्यात मावतो. तुझा तुला मावतो का? ज्याने लिहिले त्यालाच जे पूर्ण कळत नाही, त्याला मी चांगले काम म्हणत नाही. त्याला प्रोग्राम नव्याने लिहायचा असेल तर माझी ना नाही. अट एकच, पहिले वर्षभर जुना आणि नवा शेजारी शेजारी चालवावेत आणि दोघांचे उत्तर एक यावे.

कलम २. बँकेत जे असेल त्यातून आमच्या गावच्या शाळेला संगणक घ्यावेत. त्यातला एक तरी असा असावा की पोरींना त्याचे झाकण उघडून आत हात घालता येईल.

कलम ३. कुंकवाची फ्लॉपी. खंडेनवमीला आमची आई रंभाबाई हिने विळी, कुदळ आणि मोटारीचा पाना यांच्याबरोबर माझ्या फ्लॉपीचीही पूजा केली. नेमके फ्लॉपीच्या वेष्टनाला असते त्या उघड्या खिडकीतल्या काळ्या तबकडीवर हळदकुंकू लावले, वर अक्षता. प्रोग्राम गेला. मी आईला काही बोलले नाही, कारण कुदळीच्या रांगेत माझे हत्यार बसवणारी घरातली ती पहिली. छापील कागद होता, त्यावरून पुन्हा सगळे टाइप केले आणि करता करता दोन चुकाही सापडल्या. ही फ्लॉपी कोणाला देऊ नये. माझ्याबरोबर जाळावी.

कलम ४. आता मुख्य गोष्ट. माझा जुना संगणक, त्याचा खडखडणारा प्रिंटर आणि पाण्याच्या बारीचा प्रोग्राम.

शाहपूरजवळच्या आमच्या गावात तापीचे पाणी केळीला उचलणाऱ्या दोन लाइनी होत्या, वरची आणि खालची. मंडळे दोन, मोटारी दोन आणि उन्हाळ्यात फुटलेली डोकी मोजावीत तेवढी थोडी. १९९३ साली दोन्ही मंडळे एक करायचे ठरले, पण बारी कोण लावणार? वरच्यांना खालचा माणूस नको, खालच्यांना वरचा. शेवटी यंत्र चालेल म्हणाले. मी नोकरीतून घरी आले की लिहायला बसायची. नियम गावाने सभेत ठरवले, मी त्यांच्या ओळी केल्या. मी पडले खालच्या लाइनीची, म्हणून भर सभेत ओळ न् ओळ मराठीत वाचून दाखवली. ती सभा आठवली की आजही माझी मान ताठ होते. वरच्या लाइनीचा एकही माणूस उठून गेला नाही. पाणी सोडायच्या व्हॉल्वची चावी दोन्ही लाइनींनी मिळून लीलाधरकडे दिली.

ज्यांनी असले काम केलेले नाही त्यांच्यासाठी सांगते. प्रोग्रामच्या त्या भाषेत प्रत्येक ओळीला नंबर लागतो आणि आम्ही दहा-दहा सोडून नंबर देतो. मध्ये जागा राहिली की नंतर ओळ घुसवता येते. बारी चुकली तर काय करायचे ते माझ्या ३४० नंबरच्या ओळीत आहे. मोटार जळून ज्याची बारी बुडेल, त्याला पाणी फेरीच्या शेवटी. हा नियम सभेचा.

१९९९च्या मे महिन्यात मोटार जळली ती लीलाधरच्याच बारीला. त्याची बाग नुकती निसवली होती, घड बाहेर पडले होते आणि वारा भट्टीसारखा. तो लालबागला आला, दारातच उभा राहिला.

"ताई, तुह्या त्या प्रोग्रामात एक ओळ घाल. कोनाले कळतंय?"

"मले कळीन ना," मी म्हटले.

३४० आणि ३५० यांच्या मध्ये नऊ जागा रिकाम्या होत्या. एक ओळ सहज बसली असती. मी घातली नाही. मोटार दुरुस्त होऊन फेरीच्या शेवटी त्याची बारी येईपर्यंत त्याची बाग जळाली. तेव्हापासून तो दर भाऊबीजेला येतो, ओवाळून घेतो, ओवाळणी टाकतो आणि "उशीर व्हतो" म्हणून उठतो. ताटावर बसत नाही. मला फार लागते ते.

गाव आजवर माझे नाव घेते. निर्मलाबाईने सख्ख्या भावालाही सोडले नाही, म्हणतात. मलाही अभिमान आहे, खोटे कशाला सांगू. पण एक गोष्ट कोणी बोलत नाही, ती मी इथे लिहिते. त्या सगळ्या दिवसांत व्हॉल्वची चावी लीलाधरच्या खिशात होती. त्याला माझ्या ओळीची गरजच नव्हती; चावी फिरवली की पाणी त्याच्या बागेत. तो स्वतःच्या जळत्या बागेवरून चालत जाऊन दुसऱ्यांचे पाणी सोडत होता आणि वेळेवर बंद करत होता. मी ओळ घातली नाही ती घरात, पंख्याखाली बसून. तो उन्हात उभा होता. प्रोग्राम मी लिहिला, पण चालवला त्याने.

म्हणून संगणक, प्रिंटर, प्रोग्राम आणि त्यावरचा पूर्ण हक्क मी माझा भाऊ लीलाधर भाईदास महाजन याला देते. त्यात ओळ घालायची की नाही, हे यापुढे त्याने ठरवावे. मला काळजी नाही.

स्थळ: लालबाग, बऱ्हाणपूर. भाऊबीज, २९ ऑक्टोबर २०१९.

सही: निर्मला भाईदास महाजन

सही करताना जोडलेला मजकूर: साक्षीदारांत लीलाधरचे नाव मी आधी लिहिले होते, ते खोडले आहे. ज्याला मिळायचे त्याने साक्ष करू नये, असा वकिलांचा सल्ला. लीलाधर ओवाळून घ्यायला आला तेव्हा त्याला खोडलेले नाव दिसले.

"गवाह म्हनून बलावलं अन् नाव काटलं. माह्यावर भरोसा नही का?"

मी वकिलांना म्हटले, चौथे कलम वाचा. त्यांनी वाचले. लीलाधरने टोपी काढून मांडीवर ठेवली.

"चावी सगळ्यायनं देल्ती ना," तो म्हणाला. "मंग कसं करनार व्हतो?" आणि पाटाकडे वळत, "वाढ ताट."

साक्षीदार: आम्ही खाली सह्या करणारे, निर्मलाबाईंना राजीखुशीने सही करताना, तसेच लीलाधरभाऊंना बहिणीच्या घरी पाटावर बसून पोटभर जेवताना समक्ष पाहिले.

१. ॲड. सुधाकर वाणी, बऱ्हाणपूर
२. मालूबाई उखर्डू चौधरी, शेजारीण, लालबाग