तो झोपला नव्हता

बाबा, तुमची ती हाक्याची गोष्ट मला कधीच आवडली नाही. नागपूरच्या घरी पाहुणे जमले की तुम्ही ती सांगायचात आणि मी चिवड्याच्या बशा फिरवायचे. "गडी झाडावर मस्त घोरत होता, आणि खालून सरकारचा फरारी माणूस आरामात निघून गेला," इथे गोष्ट आली की सगळे खो खो हसायचे. तुम्हीही हसायचात, चष्मा काढून डोळे पुसायचात. हे खोटं आहे, असं मी एकदाही म्हटलं नाही. तुम्हाला जाऊन एकवीस वर्षं झाली. आता म्हणते. तो झोपला नव्हता. तुम्हाला ते माहीत होतं, मलाही माहीत होतं, आणि त्याने स्वतः ते तुमच्या तोंडावर, सगळ्यांसमोर, तीनदा सांगितलं होतं.

मी तेव्हा अकरा वर्षांची होते. कॉन्व्हेंटला सुटी लागली की नागपूरहून चांद्यापर्यंत रेल्वे, तिथून लाकूड न्यायला निघालेल्या रिकाम्या ट्रकमधून आलापल्लीच्या पुढे, सिरोंच्याच्या वाटेवर, तुम्ही जंगलखात्याचे रेंजर होतात तिथपर्यंत. बंगल्याच्या फाटकाशी तो उभा असायचा, तुमच्या गोष्टीतला गडी. पानाच्या द्रोणात चारं, चारोळीची पिकली फळं, घेऊन. "बाई आली, बाई आली," म्हणायचा, आणि मला, एवढ्याशा पोरीला, बाई म्हटलेलं इतकं आवडायचं की ती आंबटगोड फळं मी त्याच्यासमोरच सगळी संपवायची. बंगल्यामागच्या वनगावात त्याची झोपडी होती आणि धानाचा एक तुकडा. दोन्ही खात्याने दिलेलं. त्याच्या बदल्यात खातं बोलावील तेव्हा यायचं, ओझी वाहायची, वणवा विझवायचा, साहेबांच्या शिकारीत राबायचं. तुम्ही त्याला सरकारी काम म्हणायचात. गावातले लोक हळू आवाजात बेगार म्हणायचे. नाल्याच्या रेतीत बोट टेकवून तो मला माग वाचायला शिकवायचा. तुम्हालाही त्यानेच शिकवलं होतं. ते मात्र तुम्ही कुणाला सांगितलं नाहीत.

हाका कसा घालतात तेही त्यानेच मला समजावलं होतं. पन्नास माणसं एका बाजूने डबे बडवत, ओरडत जंगल उठवतात. समोर मचाणावर बंदूकवाला बसलेला. पण जनावर सरळ थोडंच पळतं? म्हणून दोन्ही कडांना झाडांवर एकेक माणूस बसवतात. जनावर कडेने फुटायला लागलं की त्याने कुऱ्हाडीच्या दांड्याने खोडावर टकटक करायची, बस्स. जनावर बिचकून वळतं आणि मचाणासमोर येतं. नाल्याकडचं सगळ्यात अवघड झाड नेहमी त्याला मिळायचं. याने नुसतं खोकून वाघ वळवलाय, असं तुम्हीच कौतुकाने सांगायचात.

त्या वर्षी गोदावरीपलीकडे धुमाकूळ चालला होता. जमीनदारांविरुद्ध तिकडच्या शेतकऱ्यांनी हत्यारं उचलली होती, त्यांच्यामागे सरकारने फौज लावली होती, आणि जे पळत होते ते नदी उतरून आपल्या जंगलात शिरत होते. मग पोलीस आपल्या बाजूचीही माणसं उचलायला लागले. भाकरी दिली म्हणून, वाट दाखवली म्हणून, कधी नुसता संशय म्हणून. ना खटला, ना तारीख. बाजारात खाकी दिसली की बायका बोलता बोलता गप्प व्हायच्या. जबलपूरकडचा एक पोलीस अधिकारी आपल्या बंगल्यात येऊन राहिला होता. नाल्यापलीकडच्या बांबूत एक जण लपलाय अशी त्याला खबर होती. त्या माणसाने तिकडच्या एका पाटलाला त्याच्या लेकरांदेखत कुऱ्हाडीने तोडलं, असं तो सांगायचा. खरंही असेल. तो फरारी चांगला माणूस होता असं मी लिहीत नाही. मी त्याला पाहिलंही नाही. पण त्या दाट बांबूत त्याला शोधायचं कसं, हे अधिकाऱ्याला कळत नव्हतं. ती युक्ती तुमची, बाबा. जेवताना तुम्ही म्हणालात, "साहेब, सोपं आहे. हाका घालू."

स्वयंपाकघरात आई पन्ह्यासाठी कैऱ्या उकडत होती. ती दारात येऊन उभी राहिली. "अवो, माणसावर हाका?" तुम्ही तिच्याकडे न बघता म्हणालात, "तू पन्हं कर."

दुसऱ्या दिवशी मी व्हरांड्यात बसून डब्यांचे आवाज ऐकते आहे. आधी लांब, मग जवळ. आता बंदूक वाजेल म्हणून मी कानांत बोटं घालून बसते. बंदूक वाजत नाही. चारच्या सुमारास तुम्ही सगळे परत येता, घामाने थबथबलेले, आणि नाल्याकडच्या झाडावर बसवलेला तो दोन शिपायांच्या मधे चालतो आहे. नाल्याच्या रेतीतला माग तुम्ही वाचला होतात. अनवाणी पावलं थेट त्याच्या झाडाखाली येऊन थांबली होती, टाच खोल रुतली होती, आणि तिथून काठ चढून निघून गेली होती.

अधिकारी वेताच्या खुर्चीत बसून पन्हं पीत होता. तो काही विचारायच्या आत तुम्हीच म्हणालात, "मोह पिऊन झोपला असेल. या लोकांचं असंच असतं."

"तो यही बोल दे," अधिकारी म्हणाला. "क्यों बे, सो गया था?"

तुम्ही काय करत होतात ते मला तेव्हाच कळलं, आणि तेवढं श्रेय मी तुम्हाला देते. झोपला असेल तर चार छड्यांवर भागणार होतं. जागा असेल तर तुरुंग, आणि झोपडी, शेत, सगळंच जाणार. अंगणात बसलेल्या हाकेवाल्यांनाही ते कळलं. त्यातला एक कुजबुजला, "मन ना गा, झोपलो होतो मन! काऊन मरून राह्यला?"

"नाई साहेब," तो म्हणाला. "झोपलो नोवतो."

"अरे, पेला होतास ना?" तुम्ही म्हणालात.

"आज पेलो नाई."

"आजच काऊन नाई पेला गा!" मागून कुणीतरी ओरडलं आणि सगळे हसले. अधिकारीसुद्धा हसला. तिथेही अजून मिटलं असतं. तुम्ही पायऱ्या उतरून त्याच्या अगदी जवळ गेलात आणि हळूच म्हणालात, "झोप लागली म्हण. घरी जा."

त्याने तुमच्याकडे पाहिलं. रागाने नाही. मला माग दाखवताना बघायचा तसं, समजावून सांगितल्यासारखं. "मले दिसला साहेब. खाली उभा होता, मले पाहून राह्यला होता. हाका जनावराचा असते."

अधिकाऱ्याने ग्लास खाली ठेवला. "रेंजर साहब, आपका आदमी तो आपको ही झूठा बना रहा है."

तुमचे कान लाल झाले. त्याला घेऊन जायचं अजून कुणी बोललं नव्हतं, बाबा. ते शब्द तुमचे. "घेऊन जा."

त्या संध्याकाळी मी तुम्हाला विचारलं, तो खरं बोलला ना? शाळेत खोटं बोलले म्हणून सिस्टरने माझ्या हातावर पट्टी मारली होती, तेव्हा तुम्ही तिला आभाराचं पत्र लिहिलं होतं. तुम्ही म्हणालात, "खरं बोलायलाही अक्कल लागते. जा, हात धू." आणि सिरोंच्याला गेलात तेव्हा माझ्यासाठी निळ्या रिबिनी आणल्यात. मी त्या बांधल्या. छान दिसत होत्या.

पुढचं तुम्ही पाहुण्यांना कधी सांगितलं नाहीत. त्याची बायको दोन दिवस पायरीशी बसून होती. आईने तिला तांदूळ दिले म्हणून तुम्ही आईवर ओरडलात. आठ दिवसांत झोपडी उतरवली गेली, तुमच्या सहीने, आणि ती त्याच हाकेवाल्यांनी उतरवली, कारण त्यांच्याही झोपड्या तुमच्याच सहीवर उभ्या होत्या. तो वर्षभर खटल्याशिवाय आत होता. सुटल्यावर आपल्या बाजूला आला नाही. इंद्रावतीपलीकडे सोयऱ्यांकडे गेला म्हणतात. आणि तो फरारी तिसऱ्याच दिवशी एका विहिरीवर पाणी पिताना सापडला. तिथेच त्याला गोळी घातली. त्या दिवशी ताटावर बसताना तुम्ही म्हणालात, "बघा, तीन दिवसांसाठी घर घालवलं मूर्खाने." आईने हातातली वाटी खाली ठेवली. मी वरणभात खात होते. मी खात राहिले.

तुम्ही त्याला पकडून दिलंत म्हणून मी इतकी वर्षं आतून जळत नाही. वरच्या साहेबासमोर माणूस घाबरतो, नोकरी असते, पोरीची फी असते, हे मी स्वतः संसार केल्यावर समजून घेतलं. पण सगळं उरकल्यावर, निवृत्त झाल्यावर, कुणाचीही भीती उरली नसताना तुम्ही त्याला पुन्हा पुन्हा त्या झाडावर बसवलंत आणि घोरायला लावलंत. घर, शेत, गाव सगळं गेलेल्या माणसाकडे एकच गोष्ट उरली होती, की तो जागा होता. तीही तुम्ही चार पाहुण्यांच्या हशासाठी काढून घेतलीत. याची क्षमा माझ्याजवळ नाही. मी शोधली, खरंच शोधली. तुमच्यावर माझा फार जीव होता, बाबा.

हे कागद तुमच्यापर्यंत पोहोचायचे नाहीत, म्हणून राहिलेलंही लिहिते. मागच्या आठवड्यात मी आणि माझी नात दुपारी मटार सोलत बसलो होतो. नऊ वर्षांची आहे. जंगलातली गोष्ट सांग म्हणाली. ही गोष्ट निदान एकदा तरी नीट सांगायची, असं ठरवून मी सुरुवात केली. हाका सांगितला, झाड सांगितलं, रेतीतली पावलं सांगितली. व्हरांड्यापर्यंत आले तेव्हा तिचा हात थांबला होता आणि डोळे भरले होते. "मग त्याला मारलं का गं, आजी?"

"नाही गं," मी म्हटलं. "तो म्हणाला, झोप लागली होती साहेब. मग साहेबांनी त्याला घरी सोडलं."

तिने हुश्श केलं आणि मटाराचे दाणे तोंडात टाकले. तिला बरं वाटलं. खोटं कशाला सांगू, मलाही वाटलं.