पहिला मुक्काम शिवेवर

६ ऑक्टोबर, रविवार
— आणि तिसऱ्या फेरीला बॅगेची शिवण उसवली. ओझं घेऊन चालण्याच्या सरावासाठी भरलेले दहा किलो कांदे रस्त्यावर! खोडदच्या रेडिओ दुर्बिणीच्या तबकड्यांखाली गुडघे टेकून मी कांदे गोळा करतेय. शेजारच्या भगवंतभाऊंनी मोटारसायकल थांबवली. "मॅडम, बाजार नारायणगावला भरतो. हितं न्हाई." दोघांनाही हसू आवरेना.
सहा किलोमीटर झाले. खांदे सोलवटले. काय आनंद झालाय!

७ ऑक्टोबर
अमेरिकेत साडेतीन हजार किलोमीटरची एक पायवाट आहे. माणसं सहा-सहा महिने चालतात. वीस वर्षं मी तिचे नकाशे पाहतेय. तिथले झरे मला पाठ आहेत. स्वतः सलग सर्वांत जास्त चालले ते नऊ किलोमीटर. कॉलेजच्या सहलीत.
या दिवाळीच्या सुट्टीत चालायचं. खोडद ते कोकण, घोडेगाव-तळेघरवरून. सात दिवस. नाही गेले तर नकाशे चुलीत घालायचे आणि विषय कायमचा बंद. लिहून ठेवलं. आता पळता येणार नाही.

१३ ऑक्टोबर
जेवताना सांगून टाकलं. माझा नवरा सुनील म्हणाला, "पायी? का, एसटीचा संप हाय?" आत्यांची — सासूबाईंची — भाकरी हातातच राहिली.
"मेंढरं किती?"
"एकही नाही."
"मग कशाला जायचं?"
मी त्यांना आमटी वाढली. आणि मी मराठी शिकवते!

१४ ऑक्टोबर
आत्यांनी आपणहून नकाशा मागितला. दर दिवाळीनंतर त्या मेंढरांच्या कळपाबरोबर कोकणात उतरायच्या. दोन वर्षांचा सुनील घोड्यावर, कोंबड्यांशेजारी बांधलेला. तो शाळेत गेला, मेंढरं विकली, चालणं थांबलं. हे इतक्या वर्षांत मी कधी विचारलं नव्हतं.
पहिल्या दिवसासमोर मी लिहिलं होतं : घोडेगाव.
"येडी का काय! पहिला मुक्काम शिवंवर. काय इसरलं तर माघारी येऊन नेता येतं."
"आणि मन बदललं तर?"
"त्येबी."
खोडून लिहिलं : पहिला दिवस, दोन किलोमीटर. दोन!

२७ ऑक्टोबर
तंबू आला. अंगणात उभा केला. आत्या वाकून आत बघतात : "ह्यात एक मेंढरू तरी मावंल का?" मग स्वतःच आत शिरल्या. बाहेर येईनात! पाय तेवढे दिसत होते.

३० ऑक्टोबर
चकल्या दोनदा करपल्या. लक्ष नकाशात होतं.

३ नोव्हेंबर
भाऊबीज झाली. सुनील आज चेष्टा करत नव्हता. "एकटी जाशील?"
"जाईन."
"आई म्हणती, शिवंपर्यंत येते. सकाळी माघारी."
बॅग आठ किलो. चार वेळा भरली. चार वेळा रिकामी केली. नाचावंसं वाटतंय. थोडी नाचलेही.

४ नोव्हेंबर, सोमवार. शिवेवर
दोन किलोमीटर! पाऊण तासात संपले. माझ्याच बुटांकडे बघून हसतेय. आत्यांनी तीन दगड मांडून चहा केला. माझा नवा स्टोव्ह पेटलाच नाही.
दिवेलागण झाली. इथून आमच्या ओट्यावरचा दिवा दिसतो. पाऊण तासात घरी पोहोचेन. गरम पाणी, गादी. कोणी काही म्हणणार नाही — म्हणूनच तर मुक्काम इथे!
आत्या घोंगड्यावर बसून तिकडेच पाहत होत्या.
"पयल्या मुक्कामाला म्या लई रडायची. दरसाली."
"मग माघारी का नाही आलात?"
"मेंढरं पुढं व्हती ना. तुझ्यापुढं कोण हाय?"
माझ्यापुढे कोणीच नव्हतं. मी तंबूत शिरले आणि चेन लावली.

५ नोव्हेंबर
सकाळी सहाला उठले. आत्यांची जागा रिकामी. सुनीलला फोन केला. घरी आल्या नव्हत्या. मग दिसल्या : डोक्यावर घोंगडं, घोडेगावच्या वाटेला, बऱ्याच पुढे. हाक मारली. वळल्या नाहीत. तंबू कसाबसा कोंबला आणि मागोमाग निघाले.