दाजींच्या संगणकातून बाबांचा गणपती आणताना

पेण, आषाढ शुद्ध पंचमी

तीर्थस्वरूप हैबतराव दाजी यांस,

धाकट्या मेहुण्याचा, हिरामणचा, दोन्ही हात जोडून नमस्कार. बाप्पाच्या कृपेने मूर्तींच्या कारखान्यात आणि घरात सगळे बरे आहोत. आपला गुडघा अष्टमी गावाहून पूल ओलांडून रोह्याच्या बाजारापर्यंत जाऊ देतो का? आणि शांतीताईचा उजवा हात कसा आहे? गेल्या वर्षीच्या आजारानंतर तिने कुंचला धरलेला नाही, आणि बाबांच्या गणपतीचे डोळे बाबांच्या मागे तिच्यावाचून कुणी आखलेले नाहीत, म्हणून विचारतो. (उत्तराची घाई नाही. गणपती भाद्रपदात आहेत.)

आता मुख्य विषय. बाबांनी घडवलेली मूळ मूर्ती यंदा माळ्यावरून पडून फुटली, रबरी साचा तर आधीच फाटला होता. त्या रूपाचं जगात उरलं ते एवढंच, जे माझ्या भाचीने, नमिताने मागे स्कॅनच्या यंत्राने चहूबाजूंनी टिपून तुमच्या जुन्या संगणकात ठेवलं होतं. ते पेनड्राइव्हवर मागितलं, तर तुम्ही म्हणालात, "तसं नाय मिळायचं. तारेतून स्वतः ओढून ने, शिकशील तरी." कंपनीच्या संगणकखोलीत केस पांढरे केलेल्या माणसापुढे मी काय बोलणार?

तुम्ही फोनवर दिलेले धडे मी नामजपासारखे घोकले. पूर्वी मोजकेच मोठे संगणक तारेने जोडलेले, चित्रं नाहीत, नुसती अक्षरं. हुकूम लिहायचा आणि उत्तराची वाट बघत बसायचं. हे मला लगेच पटलं, देवाशी माझं असंच चालतं. माहितीचे तुकडे करून वेगवेगळ्या वाटांनी पाठवतात, हे मात्र तुमच्या लग्नातल्या आमच्या वऱ्हाडावरून समजलं. कोणी रेल्वेने आले, कोणी वडखळवरून एसटीने, आणि बायजाआत्या झोप लागून थेट कोलाडला. जी कमी पडली तिला पुन्हा बोलावणं गेलं आणि शेवटी सगळे एका पंगतीत बसले.

पण मी दारातच अडलो. संगणकाने नाव विचारलं. (अनामिक म्हणून आत जा, असं तुम्ही सांगितलं होतं.) सख्ख्या बहिणीच्या घरी अनामिक म्हणून कसं जायचं? मी आपलं पूजेच्या संकल्पाला भटजी वदवून घेतात तसं माझं नाव, वडिलांचं नाव, गाव, कुलदैवत, सगळं लिहिलं. त्याने हाकलून दिलं. मग झालो अनामिक. यादी मागितली, त्यात बाबांचा गणपती दिसला, तेव्हा जरा डोळे पुसले आणि 'गेट', म्हणजे 'घेऊन ये', असं लिहिलं. आला, पण 'बायनरी', म्हणजे 'जसंच्या तसं दे', हे आधी लिहायचं राहून गेल्यामुळे अक्षरांच्या रीतीने ओढला गेलेला. पडद्यावर साळिंदरासारखे काटे, सोंड कुठे आणि पोट कुठे कळेना. मी तरी हात जोडले. सगुणा तव्यावरची भाकरी सोडून बघायला आली आणि म्हणाली, "अवो, याला नैवेद्य दाखवायचा का कुंपणाला लावायचा?"

दुसऱ्यांदा आधी 'बायनरी' लिहिलं. गणपती जसाच्या तसा उतरला, डाव्या कानामागे राहिलेल्या बाबांच्या अंगठ्याच्या ठशासकट. कोरायच्या यंत्राने तो फोममधून काढलाही. आता हे लिहिताना तो समोरच बसला आहे. सगळं आलं आहे, फक्त बघत नाही.

आपला शिकाऊ मेहुणा,
हिरामण

ता. क. आठवडाभर नमिताला तुमच्या संगणकात शिरता येत नाही, ही तक्रार पोचली. तो एका वेळी एकालाच आत घेतो आणि आत मी आहे. निघताना 'बाय' लिहून दार ओढायचं असतं, हे ठाऊक आहे. पण ताईच्या घरून निघताना 'जातो' कधी म्हटलं नाही. मी 'येतो' लिहिलं. ते त्याला समजलं नाही. सगुणा म्हणते, "आता तो चहा ठेवून वाट बघत असंल."

आणखी एक ता. क. आत आहेच, तर 'गेट शांतीताई' असंही लिहून पाहिलं. अशी फाइल इथे नाही, असं उत्तर आलं. तेव्हा दाजी, हे काम तुम्हालाच करावं लागेल. हात थरथरला तर थरथरू दे. ती आखेल ते त्याचे डोळे. ती पेणच्या गाडीत बसली की कळवा, मी लगेच 'बाय' लिहितो.